हादगा, पाटी आणि सुगी

सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सातारा-सांगलीकडे हादगा बसतो. ही वेळ साधारण २७ सप्टेंबरच्या आसपास येते. पुण्याकडे याच खेळाला भोंडला म्हणतात, तर खानदेश-विदर्भात मुलींचा भुलाबाईचा खेळ याच हंगामातला. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव हे भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. त्यानंतर दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे कराड, वाळवा, तासगाव या भागांतल्या हादग्यात फरक शोधूनही फारसा सापडत नाही. आज हा खेळ अंगणापेक्षा प्राथमिक शाळेच्या पटांगणावर अधिक दिसतो. तो तिथे कसा पोचला, हे या भागातल्या शिक्षणाच्या इतिहासाशी जोडलेले आहे.

हस्त म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडी हत्ती. हत्तीचा पाऊस हा पावसाळ्याचा शेवटचा मोठा टप्पा असतो. या सुमारास बाजरी काढणीला येते, भुईमुगाचे वेल उपटले जातात आणि माण, खटाव, आटपाडी, जतच्या कोरडवाहू रानात रब्बी ज्वारीची पेरणी चालते. हा पाऊस वेळेवर झाला तर पुढची ज्वारी हाती लागते. म्हणून पूजा हत्तीची. पाटावर रांगोळीने हत्ती काढतात, किंवा समोरासमोर उभ्या दोन हत्तींचा छापील कागद बाजारातून आणून भिंतीला लावतात. त्या कागदाला घालायची माळही हंगामाचीच असते: दोडका, कारले, भेंडी, पेरू, मक्याचे कोवळे कणीस असे जे परसात आणि रानात मिळेल ते दोऱ्यात ओवायचे.

मुली हात धरून पाटाभोवती फेर धरतात. परंपरेने हादगा सोळा दिवसांचा. सूर्य प्रत्यक्षात हस्तात तेरा-चौदा दिवसच असतो, पण प्रथेने सोळाचा आकडा धरून ठेवला आहे. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढत जाऊन सोळाव्या दिवशी सोळा गाणी होतात. सगळी बेरीज केली तर १३६ वेळा गाणी म्हटली जातात. कुणी न शिकवता मुलींच्या हाती आलेली ही अंकगणिती श्रेढी आहे. गाण्यांनंतर खिरापत. झाकलेला डबा कानाशी धरून हलवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचे. खुळखुळ वाजले तर भडंग किंवा फुटाणे. काहीच वाजले नाही तर वाटली डाळ, नाहीतर मिठात उकडलेल्या ओल्या शेंगा. गोड की तिखट, एवढाच प्रश्न विचारायची मुभा असते. शेवटच्या दिवशी हादग्याची बोळवण होते.

हा खेळ मुलींचा आणि मुली शाळेत नव्हत्या. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांची जी पाहणी झाली, तिच्यात दिसणाऱ्या पंतोजींच्या शाळा मुलांच्या होत्या. पंतोजीला मोबदला काही रोख, काही धान्यात मिळे, म्हणजे त्याची मिळकतही सुगीवरच अवलंबून असे. या शाळांचा हंगामी सण होता दसरा. विद्यारंभाचा हा मुहूर्त पुढे सरकारी शाळांनीही मानला. खडूच्या पेन्सिलीने १ चे आकडे सुलटे-उलटे जोडून पाटीवर सरस्वतीची आकृती काढायची, तिच्यावर हळद-कुंकू आणि झेंडूचे फूल वाहायचे, शेजारी आपट्याची पाने ठेवायची. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही ही सरस्वती काढता येते, कारण तिला एकच आकडा पुरतो.

१८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्याने मुलींसाठी शाळा काढली. तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. तरी त्यांच्याच जिल्ह्यात खेड्यापाड्यांतल्या मुली वर्गात मोठ्या संख्येने यायला आणखी शंभर वर्षे गेली. १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा परिषदा यांनी गावोगावच्या शाळांचा पाया घट्ट केला. मुली आल्या, तसा त्यांच्याबरोबर हादगाही शाळेत आला.

शेतीशी शाळेचे नाते जोडणारा दुसरा धागा रयत शिक्षण संस्थेचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, कराडजवळच्या काले गावी ही संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या बोर्डिंगला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. तिथली सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि शेतात राबत. १९३५ मध्ये कर्मवीरांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षक घडवणारे सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज काढले. श्रम हा शिक्षणाचाच भाग आहे, हा विचार घेऊन तिथले शिक्षक गावोगाव गेले. १९३७ च्या वर्धा परिषदेतून आलेल्या मूलोद्योग शिक्षणाची दिशाही हीच होती. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. शाळेची बाग, बियांचा संग्रह, पानांचे ठसे हे उपक्रम त्याच वाटेने वर्गात आले.

हंगाम मुलांच्या हाती देण्याची रीत इतरत्रही आहे. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनचे मूळ सुगी संपून हिवाळा लागण्याच्या केल्टिक सणात सांगतात. आयर्लंडमध्ये सलगम कोरून दिवे करत. अमेरिकेत गेलेल्यांना तिथे लाल भोपळा मिळाला आणि तोच शाळांच्या खिडक्यांत बसला. मुले दारोदार जाऊन खाऊ मागतात, तशा हादग्याच्या मुलीही रोज वेगळ्या घरी फेर धरून खिरापत खातात.

शाळेत मात्र हे घरोघर फिरणे राहिले नाही. सोळा दिवस आटून एक दुपार उरली आणि रोज वाढणारी गाण्यांची संख्या गेली. हे नुकसान लहान नाही, कारण दिवस मोजत वाट पाहण्याची गोडी त्या वाढीतच होती. त्या बदल्यात मुलगेही फेरात आले. ज्या घरांत कधी हादगा बसला नाही, तिथली मुलेही पाटाभोवती उभी राहिली. घर आणि शाळा यांतला फरक धान्यातही दिसतो. नवरात्रात घरी देवघरात घट बसतो. परडीतल्या काळ्या मातीत पेरलेले धान्य उजेडाअभावी फिकट पिवळे उगवते आणि दसऱ्याला त्याचा तुरा टोपीत खोवला जातो. तेच धान्य वर्गाच्या खिडकीत करवंटीत पेरले, तर हिरवे येते. दोन्ही तुरे शेजारी ठेवून बघायला पहिलीच्या मुलालाही शिकवावे लागत नाही.