विष ओळखणारा डॉक्टर कुठे होता? : मूत्रपिंड, अंतर आणि महाजाल (#थ्रेड)

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार सत्तावीस लाखांहून अधिक माणसे. हा कापसाचा मुलूख. पावसाळ्यात शेतात घोणस चावते. तिचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती बिघडवते आणि पुष्कळदा मूत्रपिंडांवर घाला घालते. जखम पायाला असते, पण दोन दिवसांनी लघवी बंद होते. अशा रुग्णाला यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेतात, नाहीतर सेवाग्राम, सावंगी किंवा सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूर गाठतात.

मूत्रपिंडाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या अंतराचा इतिहास आहे. रुग्णाला पाहणारा डॉक्टर एकीकडे आणि तो आजार आधी पाहिलेला डॉक्टर दुसरीकडे. दोघांमधील अंतर कधी दीडशे किलोमीटर असते, तर कधी दोन खंडांएवढे. ते कसे कमी होत गेले आणि कुठे मुळीच कमी झाले नाही, याची ही कथा.

आरंभ मुंबईपासून करावा लागतो. जानेवारी १९८६, जे. जे. रुग्णालय. मेंदूवरील किंवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरॉल पाजले जात होते. उपचार जुना, औषध साधे. परंतु रुग्ण बरे होण्याऐवजी त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. एकामागून एक चौदा जण दगावले. संशयाची सुई ग्लिसरॉलकडे वळली, तपासणी झाली आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. हे एक औद्योगिक द्रावक. चवीला गोड, दिसायला ग्लिसरॉलसारखेच आणि मूत्रपिंडाला घातक. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीतील आणि देखरेखीतील कारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. तो अहवाल आजही वाचण्याजोगा आहे.

पण येथे मुद्दा वेगळा आहे. या विषाची कीर्ती तेव्हा पन्नास वर्षांची होती! १९३७ मध्ये अमेरिकेत ‘एलिक्सिर सल्फानिलामाइड’ नावाच्या औषधात हेच द्रावक वापरले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने औषधांचा नवा कायदा केला. म्हणजे ज्ञान होते, ग्रंथालयात होते. वॉर्डात उभ्या असलेल्या डॉक्टरच्या हाताशी मात्र नव्हते.

त्यानंतरचे बांगलादेशचे प्रकरण याहून बोलके आहे. ढाक्याच्या रुग्णालयांत लहान मुले तापासाठी दिलेल्या पॅरासिटामॉलच्या सिरपनंतर मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. डॉक्टर हताश होते, कारण कळत नव्हते. अखेर एका अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने सिरपचे नमुने सुटकेसमध्ये घालून देशाबाहेर नेले आणि अमेरिकेतील प्रयोगशाळेत ते तपासले गेले. मोहम्मद हनीफ आणि सहकाऱ्यांचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला तो १९९५ साली. सुटकेसमधून गेलेले ते नमुने म्हणजे त्या काळातील जागतिक संपर्काची अवस्था होय. लेख छापून आल्यानंतरच्या वर्षभरातच हैतीमध्ये तेच विष, तसेच सिरप, पुन्हा ऐंशीहून अधिक मुले.

याच सुमारास मूत्रपिंडाच्या जगात दुसरी एक हालचाल सुरू झाली होती. ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात भूकंप झाला. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास चिरडलेल्या माणसाचे स्नायू कुजतात, त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे बंद पडतात. बाहेर काढलेला माणूस वाचला असे वाटते, पण दोन-चार दिवसांत तो डायलिसिसअभावी जातो. जगभरातून यंत्रे आली, माणसे आली. मात्र कोणाला काय हवे, कोण काय पाठवतो, याचा मेळ नव्हता. मदतीचाच गोंधळ उडाला.

या अनुभवावर १९९३ मध्ये एक आंतरराष्ट्रीय लेख प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक किम सोलेझ हे कॅनडातील एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ होते. आर्मेनियाच्या धड्यातून आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड संघटनेने आपत्तीसाठी खास कृतिदल उभे केले. १७ ऑगस्ट १९९९ च्या तुर्कस्तानातील भूकंपात त्याची कसोटी लागली. त्या वेळी ६३९ जणांना मूत्रपिंडाचा त्रास झाला आणि ४७७ जणांना डायलिसिस लागले. इस्तंबूलमधील डॉक्टर आणि बेल्जियममधील गेंट येथील समन्वयक यांनी कुठल्या रुग्णालयात किती खाटा, किती यंत्रे याचा हिशेब सांभाळला. आर्मेनियाशी तुलना केली की अकरा वर्षांत काय बदलले ते दिसते.

सोलेझ यांची दुसरी कामगिरी अधिक टिकाऊ ठरली. ऑगस्ट १९९१ मध्ये कॅनडाच्या डोंगरातील बॅन्फ या गावी काही तज्ज्ञ जमले. प्रश्न असा : प्रत्यारोपित मूत्रपिंडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘शरीराने हे मूत्रपिंड नाकारले’ असे कधी म्हणायचे? प्रत्येक शहरात वेगळे निकष होते. बॅन्फमध्ये ते एक करण्यात आले आणि १९९३ साली प्रसिद्ध झाले. नागपूर-मुंबईच्या बायोप्सी अहवालात आज ‘बॅन्फ’ हा शब्द येतो तो या बैठकीमुळे.

महाजालाच्या कथेत हे कशासाठी? कारण तार जोडण्याआधी भाषा जोडावी लागते. दोन डॉक्टर ‘गंभीर’ या शब्दाचा वेगळा अर्थ लावत असतील, तर त्यांच्यात क्षणार्धात संदेश गेला तरी उपयोग शून्य. अचानक मूत्रपिंड निकामी होण्याच्या तर तीसहून अधिक व्याख्या प्रचलित होत्या. सर्वमान्य निकष २००४ पासून आकारास येऊ लागले. तंत्रज्ञानाचे कौतुक होते. या कंटाळवाण्या, अक्षरश: शब्दांवर घासाघीस करणाऱ्या बैठकांचे होत नाही.

१९९० च्या दशकातच सोलेझ यांनी महाजालावर जगभरचे मूत्रपिंडतज्ज्ञ एकत्र आणले आणि त्या उद्योगाला ‘सायबर-नेफ्रॉलॉजी’ असे नाव दिले. भारतात त्या वेळी काय स्थिती होती? विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही मोठ्या शहरांत आणि फोनच्या तारेवरून. जिल्ह्याच्या ठिकाणी ते पोचायला आणखी बरीच वर्षे जायची होती. म्हणून भारताने आधी आकाशाची वाट धरली. २००१ च्या सुमारास इस्रोने उपग्रहाद्वारे दूरवैद्यक सेवेचे प्रयोग आरंभले; लखनौची संजय गांधी पदव्युत्तर संस्था ओडिशातील वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडली गेली.

२०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड संघटनेने मोठा संकल्प सोडला : टाळता येण्याजोग्या तीव्र मूत्रपिंडविकाराने २०२५ पर्यंत एकही मृत्यू होऊ नये. पण मुळात असे रुग्ण किती, कुठे, कशाने? कोणालाच नीट ठाऊक नव्हते. तेव्हा रवींद्र मेहता आणि सहकाऱ्यांनी २०१४ च्या अखेरीस एक साधी योजना केली. प्रत्येक डॉक्टरने एक दिवस निवडायचा, त्या दिवशी दिसलेल्या रुग्णांची माहिती महाजालावरून भरायची. ७२ देशांतील ३२२ डॉक्टरांनी ४०१८ रुग्णांची नोंद केली. गरीब देशांतील चित्र पाहून विदर्भातील कोणाही डॉक्टरला आश्चर्य वाटले नसते : तेथे वरचढ कारण निघाले शरीरातील पाणी कमी होणे. हगवण, उलट्या, ऊन. यावर औषध आहे ते मीठ-साखर-पाणी, आणि ते वेळेत पाजणारा माणूस.

त्याच २०१४ मध्ये डेट्रॉइटचे जोएल टॉफ आणि ओटावाचे भारतीय वंशाचे स्वप्नील हिरेमठ यांनी ट्विटरवर ‘नेफजेसी’ नावाची वाचनमंडळी सुरू केली. ठरावीक दिवशी एक नवा शोधनिबंध घ्यायचा, तासभर जगभरातून त्याची चिरफाड करायची. विद्यार्थी थेट मूळ लेखकाला प्रश्न विचारू शके. पहिली वेळ अमेरिकेच्या रात्री नऊची होती, म्हणजे भारतात पहाटे-सकाळची, राउंडच्या तोंडावरची. पुढे एक चर्चा भारतीय प्रमाणवेळेनुसार रात्री नऊला ठेवली जाऊ लागली. क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट मुळीच क्षुल्लक नाही. ज्ञानाचे घड्याळ शतकभर लंडन-बोस्टनच्या वेळेवर चालले होते.

तरीही या मंडळीत कोण होते? इंग्रजी सफाईने लिहिणारे, बहुधा शहरातील तज्ज्ञ. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमानंतर जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली. ती चालवणारे तंत्रज्ञ, परिचारिका आणि ग्रामीण रुग्णालयातील तरुण डॉक्टर या संवादात क्वचितच दिसतात. २०१७ मध्ये यवतमाळला कापसावर फवारणी करणारे शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले, तेव्हा पहिला रुग्ण पाहिला तो याच लोकांनी. शेतात दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळून फवारली जातात. रुग्णाच्या अंगात नेमके काय गेले हे रुग्णालाही सांगता येत नाही. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वे आली, ‘ई-संजीवनी’ गावोगाव पोचली. तार पोचली. तिच्या पलीकडे मूत्रपिंडाचा जाणकार बसलेला असतोच असे नाही.

आणि मग ते जुने गोड विष परत आले.

२०२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गांबियात सुमारे सत्तर मुले मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. संशयित सिरप भारतात, हरियाणात बनलेले होते. ५ ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने इशारा प्रसिद्ध केला. त्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला इंडोनेशियातील बालरोगतज्ज्ञ ऑगस्टपासून वाढलेल्या अशाच गूढ रुग्णांनी चक्रावले होते. जंतुसंसर्ग असेल म्हणून शोध चालला होता. गांबियाची वार्ता कळताच त्यांची नजर सिरपकडे वळली, मुलांच्या तपासण्या झाल्या आणि दोन आठवड्यांच्या आत देशभर सिरपची विक्री थांबवण्यात आली. तोवर तेथे बरेच बळी गेले होते आणि एकूण आकडा दोनशेच्या घरात पोचला. पण ढाक्याच्या सुटकेसशी ताडून पाहिले तर हे दोन आठवडे फार मोठी गोष्ट आहे.

तीन वर्षांनी पाळी विदर्भाच्या वेशीवर आली. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागातून लघवी बंद झालेली मुले उपचारांसाठी नागपुरात येऊ लागली. आधी ताप-सर्दी, मग सिरप, मग मूत्रपिंड. सुरुवातीस पाणी, उंदीर, डास, विषाणू या सर्वांवर संशय घेतला गेला. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत विषामुळे झालेली इजा दिसली. पालकांकडील बाटल्यांमध्ये एक नाव सारखे येत होते, ‘कोल्ड्रिफ’. ऑक्टोबरच्या आरंभी तामिळनाडूच्या प्रयोगशाळेने त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल असल्याचे सांगितले.

या विषावर उतारा आहे, परंतु तो लवकर द्यावा लागतो आणि त्यासाठी पहिल्या डॉक्टरच्या मनात ते नाव यावे लागते. परासियाच्या मुलांचे पहिले डॉक्टर नागपुरातले नव्हते, गावातले होते. जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा १३ ऑक्टोबर रोजी महाजालावर आला आणि काही क्षणांत जगभर वाचता आला. तेव्हा मृत मुलांची संख्या वीसच्या पुढे गेलेली होती. २०२५ पर्यंत एकही मृत्यू नको, हा संकल्प ज्या वर्षापुरता होता, ते हेच वर्ष.