दोन टिंबांची घुसखोरी

आजच्या गोष्टीत शत्रूकडे शस्त्र एवढंच आहे: दोन टिंबं आणि एक तिरकी रेघ.

संगणकाला फाइलचा रस्ता सांगताना या खुणेचा अर्थ ‘एक फोल्डर मागे जा’ असा होतो. सोय साधी आहे. पण बाहेरून आलेला रस्ता प्रोग्रामने न तपासता मानला, तर परका माणूस नेमून दिलेल्या खोलीतून मागे सरकत दुसऱ्याच खोलीत शिरतो. याला डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल म्हणतात.

हा दोष लिब्रेऑफिसमध्ये संशोधक अलेक्स इनफ्यूर यांना २०१८ साली सापडला. दस्तऐवजातल्या लिंकवर माउस गेला की एखादी स्क्रिप्ट चालावी, अशी सोय त्यात होती. स्क्रिप्ट लिब्रेऑफिसच्या ठरलेल्या फोल्डरमधलीच असेल, हे गृहीत धरलेलं होतं. इनफ्यूर यांनी रस्त्यात ती टिंबं घातली आणि लिब्रेऑफिससोबत येणाऱ्या पायथनच्या एका फाइलपर्यंत पोचले. तिथलं एक फंक्शन दिलेली आज्ञा थेट संगणकाकडून चालवून घेत होतं. लिंक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत. माउस नुसता हलला आणि कॅल्क्युलेटर उघडला. कसलीही सूचना नाही, परवानगी नाही. कॅल्क्युलेटरच्या जागी घातक आज्ञाही असू शकली असती.

६.०.७ आणि ६.१.३ या आवृत्त्यांत पहारा बसला. फेब्रुवारी २०१९ मध्ये इनफ्यूर यांनी सगळा तपशील जाहीर केला. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण वेबपत्त्यात अक्षराऐवजी टक्क्याची खूण आणि सांकेतिक आकडे लिहिता येतात. असा वेष बदललेला रस्ता नव्या पहाऱ्यालाही चकवून गेला. ऑगस्टमध्ये ६.२.६ आवृत्तीत ती फट बुजवली. मग कळलं की तपासणीतून शुद्ध होऊन आलेला रस्ता बाजूला राहतोय आणि अंतिम पत्ता जोडताना मूळ रस्त्याचे तुकडे घेतले जाताहेत. सप्टेंबरमध्ये ६.२.७ आली. एकाच दारावर तिसरी दुरुस्ती!

इतिहास वाचणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये २००० साली तिरकी रेघ युनिकोडच्या वेगळ्या रूपात लिहून पहारा चुकवता येत होता. मे २००१ मध्ये दुसरी फट उघड झाली: सर्व्हर तपासणीनंतर रस्ता पुन्हा एकदा उलगडत होता. दोन्हींवर दुरुस्त्या निघाल्या, तरी अनेकांनी त्या बसवल्याच नाहीत. १८ सप्टेंबर २००१ रोजी निमडा नावाचा वर्म जगभर पसरला. त्याच्या अनेक वाटांपैकी ही एक होती.

माझं आयुष्य फौजेत गेलं, म्हणून मला यात गेटवरचा पहारा दिसतो. चेहऱ्यावरचं कापड काढायला न लावता ओळखपत्र बघितलं, तर त्या बघण्याला काय अर्थ? आणि गेटवर एकाला तपासून आत दुसऱ्यालाच सोडलं, तर पहारा असून नसल्यासारखाच. जे तपासलं तेच वापरलं जातंय ना, हा प्रश्न २००० साली विचारायला हवा होता. २०१९ मध्ये तोच पुन्हा विचारावा लागला.

आपल्यासारख्यांच्या हातात एवढंच आहे: अपडेटची सूचना आली की ‘नंतर बघू’ म्हणायचं नाही. निमडाच्या वेळी कुलूप तयार होतं. ते लावायचं राहून गेलं होतं.