मोर्चाला जायचं का?



२०२५चा ऑगस्ट महिना आठवतो ना? तोंडावर पर्युषण, घरात आठ दिवसांच्या तपश्चर्येची तयारी, आणि मोबाईलवर एकापाठोपाठ एक निरोप. कबुतरखान्यासाठी या. मोर्चाला या. घरटी एक तरी माणूस हवंच. आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवरही तेच. सासूबाई सामायिक पाळून उठल्या आणि म्हणाल्या, "आपण कधी गं रस्त्यावर उतरत होतो? आपल्यात असं नव्हतं."

त्यांचं म्हणणं मला एकदम पटलं. मग रात्री विचार करत बसले तेव्हा लक्षात आलं, की ते अर्धंच खरं आहे. आपल्यात आंदोलन होतं. फक्त त्याची रीत वेगळी होती. ती रीत आपण विसरत चाललोय का, हे तपासायला म्हणून आजचा हा लेख.

सुरुवात आपल्या टेंभी नाक्यापासूनच करते. आपल्या मुनिसुव्रत स्वामींच्या देरासराला लोक कोकण शत्रुंजय म्हणतात. का म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. धवलशेठने श्रीपाळ राजाला समुद्रात ढकललं, त्याने नवपदाचं स्मरण केलं आणि तो कोकणच्या किनाऱ्याला, ठाणे नगरीत लागला. ओळीच्या नऊ दिवसांत हा रास आपण ऐकतो. विनयविजयजींनी तो लिहायला घेतला, त्यांच्या काळधर्मानंतर यशोविजयजींनी पूर्ण केला. पण रास ऐकताना आपलं लक्ष श्रीपाळच्या कोडाकडे, त्याच्या जहाजांकडे आणि राण्यांकडे जातं. मयणासुंदरीने काय केलं, ते नीट बघा.

भरल्या दरबारात वडील, म्हणजे उज्जैनचा राजा, विचारतो, की तुम्हाला हे सुख कोणामुळे? एक बहीण सांगते, तुमच्या कृपेने. मयणा सांगते, माझ्या कर्माने. राजाला राग येतो. तो तिला कोडी माणसाच्या गळ्यात बांधतो. मयणा ओरडत नाही, पळून जात नाही आणि शब्दही मागे घेत नाही. आयंबिल करते, नवपदाची आराधना करते, नवऱ्याची सेवा करते. सत्तेपुढे खरं बोलायचं आणि त्याची किंमत स्वतः मोजायची, हा धडा या कथेत आहे. ठाण्याच्या श्राविकेला तो दुसरीकडे शोधायला जायला नको.

आता इतिहासातलं उदाहरण सांगते, तारखांसकट.

पालिताणा तेव्हा संस्थान होतं. शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवरच्या करावरून दरबार आणि आपला समाज यांच्यात जुना वाद. १८८६मध्ये तडजोड झाली, वर्षाला १५ हजार रुपये, चाळीस वर्षांसाठी. ती घडवून आणण्यात वीरचंद गांधी होते. होय, तेच, जे १८९३मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत आपल्या धर्मावर बोलले. १९२६च्या मार्चअखेर मुदत संपली. दरबाराला आता कितीतरी पट जास्त रक्कम हवी होती, आणि इंग्रज अधिकाऱ्याने वर्षाला एक लाखाचा आकडा ठरवून दिला. समाजाने काय केलं असेल? मोर्चा नाही, तोडफोड नाही. यात्राच बंद केली. १ एप्रिल १९२६पासून दोन वर्षांहून अधिक काळ शत्रुंजयावर यात्रेकरू चढले नाहीत.

मैत्रिणींनो, यात किती आज्यांचा जीव अडकला असेल! नव्वाणू यात्रेचा संकल्प केलेल्या, वर्षीतपाचं पारणं पालिताण्याला करायचं ठरवलेल्या. तीर्थ समोर आहे, आणि जायचं नाही. शेवटी १९२८मध्ये व्हाइसरॉयच्या मध्यस्थीने सिमल्यात करार झाला, वर्षाला ६० हजार, पस्तीस वर्षांसाठी. पूर्ण विजय नव्हे. पण दोन वर्षांत दुसऱ्या कुणाची चूल बंद पडावी म्हणून कुणी हट्ट धरला नाही. जे सोडलं ते आपलं स्वतःचं सोडलं. पालिताण्यातल्या डोलीवाल्यांचं आणि धर्मशाळेत राबणाऱ्यांचं उत्पन्न बुडालं असणार, हेही प्रामाणिकपणे म्हणायला हवं. झळ न लागता कुठलंच आंदोलन होत नाही.

त्याच्या आधी, १९१८मध्ये, अहमदाबादला अनसूयाबेन साराभाई होत्या. जैन घरातली मुलगी, गिरणीमालकांच्या घरातली. प्लेगच्या काळात मिळणारा बोनस मालकांनी बंद केला आणि कामगारांचा संप झाला. अनसूयाबेन कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि समोर मालकांचे पुढारी कोण? सख्खा भाऊ, अंबालाल. मागणी ३५ टक्के वाढीची. गांधीजींनी याच संपात तीन दिवस उपवास केला आणि १८ मार्चला तडजोड झाली. संप चालू असताना गांधीजी अंबालालना जेवायला बोलवत आणि ताटात वाढायला अनसूयाबेन असत. सकाळी भावाच्या विरोधात सभा, दुपारी भावाला गरम पोळी. आपल्यापैकी कितीजणींना जमेल? मला तर नणंदेशी साधं वाजलं तरी दोन दिवस फोन होत नाही.

आता आपल्या डोळ्यांदेखतच्या गोष्टी.

१० ऑगस्ट २०१५ला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येसारखा गुन्हा ठरवला. २४ ऑगस्टला देशभर आपला समाज बाहेर पडला. बहुतेक ठिकाणी मौन पाळून, हातात फलक घेऊन. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या वेळी माझ्या अजैन शेजारणींनी मला घरी येऊन विचारलं, संथारा म्हणजे नक्की काय? मी सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. सगळ्यांना पटलं असेल असं नाही. पण ऐकलं.

त्यानंतर दोनच आठवड्यांत पर्युषण आलं आणि मिरा-भाईंदरमध्ये आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्यावरून मुंबईत वाद पेटला. राजकीय पक्षांनी मुद्दाम दादरला स्टॉल लावून कोंबडी विकली. तोच समाज, तेच शेजारी. मग पंधरा दिवसांत काय बदललं? मला वाटतं एवढंच बदललं, की ऑगस्टमध्ये आपण म्हणत होतो, आमच्या आजीला तिच्या मार्गाने जाऊ द्या. सप्टेंबरमध्ये समोरच्याला ऐकू आलं, तुमच्या ताटात काय असावं ते आम्ही सांगणार.

सम्मेद शिखरजीचंही आठवा. २ ऑगस्ट २०१९च्या अधिसूचनेत पारसनाथ परिसरात पर्यटनाची तरतूद होती. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीवर सहलीला येणार, मद्यमांस येणार, या भीतीने २०२२च्या डिसेंबरमध्ये देशभर मोर्चे निघाले. उपोषणाला बसलेल्या एका मुनींचा जयपूरला ३ जानेवारी २०२३ला देह पडला. ५ जानेवारीला केंद्र सरकारने पर्यटनाची तरतूद थांबवली. आपण पेढे वाटले. पण त्याच जानेवारीत त्याच डोंगरावर संथाळ आदिवासींनीही मोर्चा काढला. त्यांच्यासाठी तो मरांग बुरू, त्यांचा देव. ते तिथे राहतात, तिथे त्यांची पूजा होते, बळीही दिला जातो. आपल्या व्याख्यानांत मी हे कधीच ऐकलं नव्हतं. तीर्थ आपलं आहे, पण डोंगर एकट्या आपला नाही, हे पहिल्यांदा तेव्हा कळलं.

आणि मग २०२५. ६ ऑगस्टला दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने घातलेली ताडपत्री जमावाने ओढून काढली. पुढे कुणी शस्त्राची भाषा केली. जीवदया आपल्या रक्तात आहे, मला ती कुणी शिकवायला नको. पण प्रश्न न्यायालयापुढे होता. विष्ठेमुळे आणि पिसांमुळे फुप्फुसांना होणाऱ्या आजारांचं डॉक्टर सांगत होते. शेजारच्या दमेकरी म्हाताऱ्याचा श्वासही जीवदयेतच येतो ना? जाळी फाडताना दिसलेल्या बायकांमध्ये आपल्यासारख्याच सुती साडीतल्या होत्या. ते चित्र पाहून मला राग आला नाही, लाज वाटली.

त्याच आठवड्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्टला मांसाची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला. १९८८च्या एका ठरावाचा आधार होता. माझी नणंद डोंबिवलीत राहते. तिच्या मजल्यावरच्या आगरी वहिनींनी तिला विचारलं, "हे तुमच्या लोकांनी केलं ना?" वीस वर्षांची ओळख, एकमेकींकडे दिवाळीचा फराळ जातो. नणंदबाई म्हणाल्या, "आम्ही नाही हो." वहिनी "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. हे ऐकून मी गप्प झाले. मोर्चाला किती माणसं आली ते वर्तमानपत्रात छापून येतं. किती दारं लागली, ते कोण मोजणार?

याच ऑगस्टची दुसरी बाजूही आहे. कोल्हापूरजवळच्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने वनताराला गेली. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो लोक चालत गेले, सुमारे ४५ किलोमीटर, मूकपणे. त्यात जैन होते तसे मराठा, लिंगायत, मुसलमान, सगळे होते. हत्तीण गावाची होती. हत्तिणीच्या तब्येतीचा आणि पायांच्या दुखण्याचा प्रश्न खरा होता, न्यायालयाने तोच महत्त्वाचा मानला, आणि मला वाटतं आपणही तो आधी विचारायला हवा होता. पण त्या चालण्यात कुणाशी वैर नव्हतं. पुढे नांदणी परिसरातच तिच्यासाठी केंद्र उभारण्याची बोलणी सुरू झाली.

परत टेंभी नाक्यावर येते. हा नाका म्हणजे राजकारणाचं घरच. १९६७मध्ये शिवसेनेला पहिली सत्ता मिळाली ती ठाण्याच्या नगरपालिकेत. आनंद दिघे यांचा आनंदाश्रम इथेच, त्यांनी १९७८मध्ये सुरू केलेला नवरात्रोत्सव इथलाच. या नाक्याने लोकांच्या अडचणी रात्री दोन वाजता ऐकून घेणारा नेता पाहिला. २००१च्या २६ ऑगस्टला तो गेल्यावर जमावाने एक रुग्णालय पेटवलेलंही या शहराने पाहिलं. प्रेमाचा जमावही किती भयंकर होऊ शकतो, हे ठाणेकराला वेगळं सांगायला नको.

आणि याच नाक्यावर दर आश्विनात एक गोष्ट घडते. शुद्ध सप्तमीला आपली ओळी बसते आणि देवीचं नवरात्र तेव्हा ऐन भरात असतं. तीन दिवस दोन्ही एकत्र चालतात. एकीकडे ढोल, आरती, दर्शनाची लांबलचक रांग. दुसरीकडे आयंबिलखात्यात बिनमिठाची, बिनतेलाची डाळ आणि श्रीपाळचा रास. कधी कधी लाउडस्पीकरमुळे महाराजसाहेबांचा शब्द ऐकू येत नाही. वर्षानुवर्षं हे चाललंय. आपण स्पीकर बंद करा म्हणून मोर्चा नेला नाही. त्यांनी आपला वरघोडा कधी अडवला नाही. चालत जाण्याच्या अंतरावर १८७९चं ज्यू लोकांचं सिनेगॉग आहे, पलीकडे चेंदणी कोळीवाडा. सगळ्यांना याच रस्त्याने जायचं आहे.

तर, मोर्चाला जायचं का? मी माझ्यापुरतं असं ठरवलंय. निरोप आला की तीन प्रश्न विचारायचे. आपण स्वतः काय सोडणार आहोत? यात दुसऱ्या कुणाचं पोट किंवा श्वास अडतोय का? आणि परत आल्यावर समोरच्या वहिनींच्या दाराची बेल मला वाजवता येईल का? उत्तरं नीट आली तर मी पहिल्या रांगेत उभी राहीन. नाही आली, तर घरी बसून आयंबिल करेन. तेही आंदोलनच आहे, मयणाचं.

सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्यात होतं तर." मग थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "नणंदेला सांग, संवत्सरीची वाट बघू नकोस. त्या वहिनींकडे आधी जा."

नणंदबाई गेल्या. डबा घेऊन गेल्या. दार उघडलं.

लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.