नॅशनल निग्रो बिझनेस लीग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीय व्यावसायिकांची संघटना. बुकर टी. वॉशिंग्टन (१८५६–१९१५) ह्यांनी ती ऑगस्ट १९०० मध्ये बॉस्टन येथे स्थापन केली. अशा संघांची कल्पना ड्यू बॉइस ह्यांच्या पुढाकाराने अटलांटा विद्यापीठात १८९९ मध्ये भरलेल्या परिषदेत आधीच मांडली गेली होती. वार्षिक अधिवेशनांत दुकानदार, केशकर्तनकार, बँकचालक आपापल्या धंद्याची हकीकत सांगत. लीगचे खरे कार्य बहुधा हेच होय. आर्थिक प्रगती साधल्यास नागरी हक्क ओघाने मिळतील, ही वॉशिंग्टन ह्यांची धारणा मात्र भाबडी ठरली. दक्षिणेत मताधिकार हिरावला जातच होता. टल्सा येथील ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली व्यापारी वस्ती १९२१ मध्ये श्वेतवर्णीय जमावाने जाळली. १९६६ मध्ये लीगच्या नावातील ‘निग्रो’ हा शब्द वगळण्यात आला.