शेतात जुनं नाणं सापडलं तर

नांगरटीत, नाहीतर पहिल्या पावसानंतर पांढरीच्या रानात कधी जुनं नाणं वर येतं. आपण सरसकट त्याला शिवकालीन म्हणतो. पण पैठण, तेर, नेवासा भागात ते सातवाहनांचं, दोन हजार वर्षांमागचंही असू शकतं.

ओळखायचं कसं? ही नाणी बहुतेक शिशाची किंवा पोटीन या मिश्रधातूची. एका बाजूला बऱ्याचदा हत्ती, कडेनं ब्राह्मी अक्षरं. दुसऱ्या बाजूला अधिकच्या खुणेसारखं चिन्ह, चारही टोकांना गोल. त्याला उज्जैन चिन्ह म्हणतात.

नाणं किती बोलतं बघा. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. मूळची सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा शिक्का वरून मारलेला. कित्येकांवर खाली नहपानाचा चेहरा अजून दिसतो. म्हणजे राज्य गेलं, पैसा तोच राहिला, फक्त मालक बदलला. ती नाणी वितळवली असती तर हा पुरावाच गेला असता.

म्हणून सापडलेलं नाणं चिंच-राख लावून घासू नका, अक्षरं जातात. गट नंबर, खोली लिहून ठेवा, फोटो काढा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांवरचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मोडीत विकलं तर हातात चार पैसे येतील, पण आपल्या रानाचा इतिहास जाईल.