खारघर : उन्हाआधीचे तास

१६ एप्रिल २०२३ या दिवशी खारघरमध्ये उष्माघातानं माणसं गेली. तो घटनाक्रम सांगताना बहुतेक जण कार्यक्रम सुरू झाला तिथून सुरुवात करतात. शरीराच्या हिशोबानं ती सुरुवात फार उशिराची आहे. मी ती आदल्या संध्याकाळपासून करते.

शनिवार, संध्याकाळ

नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानाकडे गाड्या येऊ लागल्या आहेत. ज्येष्ठ निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना उद्या महाराष्ट्रभूषण पुरस्कार मिळणार आहे आणि तो सोहळा डोळ्यांनी पाहायला लाखो श्रीसदस्य, म्हणजे त्यांचे अनुयायी, निघाले आहेत. त्यांच्या निरूपणाच्या बैठकीमुळे घरातली दारू सुटली, भांडणं मिटली असं सांगणारी कुटुंबं रायगड-ठाण्यात गावोगाव भेटतात. यांना कुणी धरून आणलेलं नाही, ती प्रेमानं आली आहेत.

आपल्याकडे प्रवासाला निघताना वयस्कर बाई काय करते हे प्रत्येक घराला माहीत आहे. सकाळचा चहा अर्धा ठेवते, गाडीत कुणी बाटली पुढे केली तर ‘नको गं, मग उतरायचं कुठं?’ म्हणते. रस्त्यात स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची तिला खात्री नसते, म्हणून ती पाणीच तोडते. त्या गर्दीत किती जणींनी असं केलं याची नोंद कुणाकडे नाही. पण लाखोंच्या कुठल्याही मेळाव्याला निघालेल्या बायकांचा हा रिवाज आहे, आणि संकटाची पहिली पायरी माझ्या मते हीच आहे.

रविवार, पहाट

अनेकांनी रात्र मैदानावर किंवा प्रवासात काढली आहे. झोप अपुरी. रात्रभर श्वासावाटे, घामावाटे, लघवीवाटे पाणी गेलेलंच असतं, म्हणून सकाळी उठल्यावर शरीर आधीच थोडं कोरडं असतं. तरुणाला अशा वेळी तहान लागते. सत्तरीतल्या माणसाला ती लागेलच असं नाही. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकद घटते आणि शरीरातला पाण्याचा साठाही कमी होतो. त्यात रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर सकाळच्या त्या एका गोळीनं आणखी पाणी बाहेर जातं. ‘तहान लागली की पितील’ हे म्हातारपणी खरं राहत नाही.

सकाळी आठ ते दहा

मैदान भरत जातं. व्यासपीठावर छत आहे, समोर बसलेल्यांच्या डोक्यावर आकाश. पिण्याच्या पाण्याची, रुग्णवाहिकांची, वैद्यकीय पथकांची व्यवस्था होती असं नंतर सरकारनं सांगितलं. ती असेलही. पण मांडीला मांडी लावून बसलेल्या गर्दीतून गुडघे दुखणाऱ्या बाईनं उठायचं, माणसं ओलांडत नळापर्यंत जायचं आणि परत आपली जागा शोधायची, हे जवळजवळ अशक्य असतं. माणसाच्या हातात बसल्या जागी पाण्याचा पेला आला, तरच पाण्याची सोय झाली असं मी म्हणेन.

दहानंतर

कार्यक्रम सुरू होतो. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते पुरस्कार दिला जातो, भाषणं होतात.

अकरा ते एक

त्या दिवशी जवळच्या केंद्रावर ३८ अंश तापमान नोंदवलं गेलं. हवामान केंद्रातला तापमापक सावलीत असतो, माणसं उन्हात होती. शिवाय खाडीजवळची हवा दमट असते, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळल्यावरच अंग थंड होतं. नुसताच वाहिला तर पाणी जातं आणि उष्णता आतच राहते.

अशा उन्हात नुसतं बसूनही तासाला अर्धा लिटर घाम सहज जाऊ शकतो. पन्नास किलोच्या बाईचं दोन तासांत लिटरभर पाणी गेलं, तर वजनाच्या दोन टक्के पाणी उणं झालं. रक्ताचं प्रमाण घटतं. उरलेल्या रक्तातून कातडी थंड ठेवायची आणि मेंदूलाही पुरवायचं, म्हणून हृदय धडधडू लागतं. डोकं दुखतं, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. इथपर्यंत सावली, वारा आणि मीठ-साखरेचं पाणी माणसाला परत आणतं. शेजारच्यानं ओळखलं पाहिजे, एवढंच.

पुढे घाम कमी पडू लागतो आणि अंगाचं तापमान चाळीसच्या वर जातं. माणूस बरळतो, ओळख विसरतो, कोसळतो. आता हा उष्माघात आहे आणि तोंडानं पाणी पाजण्याची वेळ निघून गेली आहे. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, काखेत आणि मानेवर बर्फ ठेवायचा आणि १०८ला फोन करायचा. अंग थंड करणं रुग्णवाहिकेची वाट पाहत असतानाच सुरू करायचं.

एकनंतर

कार्यक्रम संपतो, गर्दी एकदम उठते. तासन्‌तास बसलेला माणूस झटकन उभा राहिला की रक्तदाब कोसळतो. रुग्ण जवळपासच्या रुग्णालयांत पोचू लागतात. चेंगराचेंगरी झाल्याचेही आरोप पुढे झाले.

रात्र

तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे रुग्णालयात जातात. अकरा मृत्यू जाहीर होतात, प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांची मदत जाहीर होते. पुढच्या काही दिवसांत आकडा १४ वर गेला. मृतांत बायका जास्त होत्या, तिशीतले होते तसे साठी ओलांडलेलेही होते. शवविच्छेदनाबद्दलच्या बातम्यांत असं आलं की बहुतेकांच्या पोटात कित्येक तास अन्न गेलेलं नव्हतं. जे ऊन तिशीतल्या माणसाला पेलवलं नाही, त्यात सत्तरीच्या आजीला किती वाव उरतो?

त्याच आठवड्यात उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर मोठे कार्यक्रम घेऊ नयेत, असा निर्णय सरकारनं जाहीर केला. तो योग्यच होता. पण लग्नं, जत्रा, प्रचारसभा, रेशनच्या आणि बँकेच्या रांगा दर एप्रिलात असतातच, आणि तिथे छताइतकंच स्वच्छतागृह महत्त्वाचं आहे. जिथे बाईला निर्धास्त जाता येत नाही, तिथे ती पाणी पिणार नाही, मग कितीही टँकर उभे करा. आयोजकांना आधी स्वच्छतागृहांचं विचारा.

घरात कुणी साठीपुढचं असेल तर त्यांच्या तहानेवर विसंबू नका. दर तास-दीड तासाला पेलाभर पाणी, ताक, पन्हं, पेज हातात द्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा, गोळ्यांचंही विचारा. ओआरएसचं पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. आणि आज संध्याकाळी संकोच न करता त्यांना विचारा : लघवीला शेवटचं कधी गेलात, आणि रंग कसा होता? गडद पिवळा असेल तर आत्ताच पाणी द्या.