मिस्त्रीचे हत्यार : स्वस्त की मोलाचे?



भिवंडीहून वाड्याला जाताना वाटेत अंबाडीचा नाका लागतो. येथून एक रस्ता वज्रेश्वरीवरून शिरसाडकडे जातो. एसटी, मालट्रक, ट्रॅक्टर, रिक्षा, मोटारसायकली यांची येथे सदा वर्दळ. आता जिथे चाके, तिथे मिस्त्री आलाच. त्याच्या पेटीत पाने, पक्कड, हातोडा, कानस, छिन्नी असा संसार असतो. या पेटीवरून गॅरेजात एक वाद नेहमी रंगतो. एकजण म्हणतो, “पाना तो पाना! नट फिरला म्हणजे झालं. उगाच दुप्पट-तिप्पट पैसे कशाला घालवायचे?” दुसरा म्हणतो, “स्वस्त पाना एक दिवस बोटं सोलून काढील, तेव्हा कळेल!”

दोघांपैकी खरे कोणाचे? याचा निवाडा करावयाचा तर पान्याचा थोडा इतिहास पाहावा लागेल. चला तर, पाहू या.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी नट-बोल्टचे एकच एक माप नव्हते. प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीने बोल्टचे आटे पाडी. एका यंत्राचा नट दुसऱ्या यंत्राला बसत नसे. यावर इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ या कारागिराने १८४१ मध्ये उपाय सुचविला. बोल्ट किती जाडीचा असला म्हणजे इंचात किती आटे पाडावयाचे आणि आट्याचा कोन किती अंशांचा ठेवावयाचा, हे त्याने ठरवून दिले. तो कोन ५५ अंशांचा होता. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा कोन सुचविला, कारण तो पाडावयास सोपा होता. युरोपात तर मिलिमीटरची मापे रूढ झाली. म्हणजे घोटाळा मिटला नाही, फक्त त्याचे तीन मोठे गट पडले! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन यंत्रांचे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा त्याचा ताप सर्वांनाच जाणवला. शेवटी १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांनी आट्यांचे एक सामाईक माप मान्य केले.

तुम्ही म्हणाल, इंग्लंड-अमेरिकेच्या या भानगडीशी अंबाडीच्या मिस्त्रीचा काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. आपल्याकडे जुनी यंत्रे आली ती बहुतेक इंग्लंडची, त्यांचे नट व्हिटवर्थच्या मापाचे. मग जीपगाड्या आल्या, त्या अमेरिकन घडणीच्या. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून मालट्रक बांधावयास घेतले, त्यांचे नट मिलिमीटरचे. एकाच मिस्त्रीला तिन्ही घरचे पाहुणे सांभाळावे लागले! त्यात आणखी गंमत अशी, की इंग्रजी पान्यावर जो आकडा असे तो बोल्टच्या जाडीचा, आणि अमेरिकन पान्यावर असे तो पान्याच्या तोंडाचा. आकडा तोच असला तरी पाने निराळे.

आपल्या सरकारने १९५६ मध्ये मेट्रिक वजनमापांचा कायदा केला आणि पुढे टप्प्याटप्प्याने तो अंमलात आणला. त्याआधी १९४७ मध्येच भारतीय मानक संस्था स्थापन झाली होती. मालावर आयएसआयचे चिन्ह आपण पाहतो, ते हिचेच. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहतो.

आता आपल्या वादाकडे वळू. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३ मिलिमीटरचा पाना लावला तर तो बसतो, पण तीन दशांश मिलिमीटर सैल बसतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशाने काय होते? होते असे, की पाना नटाच्या सपाट बाजूला धरीत नाही, कोपऱ्याला धरतो. जोर लावला की कोपरा झिजतो. दोन-तीनदा असे झाले की नट गोल होतो आणि मग त्याला छिन्नी-हातोड्याशिवाय गती नाही. मापच चुकलेला पाना जे करतो, तेच ढिसाळ बनावटीचा पाना बरोबर मापाचा आकडा मिरवूनही करतो. तोंड नीट मापात कापणे हे खर्चाचे काम आहे, आणि स्वस्त पान्यात पहिली काटकसर तिथेच होते.

दुसरी काटकसर पोलादात. हे समजावयास आपला गावचा लोहार पुरे आहे. विळ्याला तो पाणी देतो, म्हणजे तापवून एकदम पाण्यात बुडवितो. पाणी जास्त झाले तर धार कडक होते, पण दगडावर बसताच तिचा तुकडा उडतो. कमी झाले तर धार मऊ राहते आणि दुमडते. पान्याचेही तसेच आहे. कडक झाला तर तडकतो, मऊ राहिला तर त्याचे तोंड फाकते. पोलादात थोडे क्रोमियम आणि व्हॅनेडियम मिसळले, म्हणजे कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही साधतात. मोटारीच्या धंद्यात व्हॅनेडियमच्या पोलादाचा बोलबाला झाला तो हेन्री फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टी गाडीपासून. पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ अशी अक्षरे दिसतात, ती या मिश्रणाची खूण. मात्र नुसती अक्षरे उमटविणे सोपे असते, हेही ध्यानात ठेवा!

मग सर्वांत महाग तेच घ्यावे काय? थांबा. इथे आणखी एक इतिहास पाहावा लागतो. १९२० मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरी जोसेफ जॉन्सन या गृहस्थाने एक युक्ती काढली. दांडे पाच आणि त्यांना अडकवावयाच्या वाट्या, म्हणजे सॉकेट, दहा. पुष्कळ पान्यांचे काम त्या थोड्या सामानात होऊ लागले. त्यातून स्नॅप-ऑन ही कंपनी उभी राहिली. पुढे तिचे विक्रेते गाडीत हत्यारे घालून थेट गॅरेजच्या दारात जाऊ लागले, हप्त्याने उधार देऊ लागले, मोडलेले हत्यार बदलून देऊ लागले. तेव्हा त्या हत्याराच्या किमतीत पोलाद तर आहेच, पण दारात येणारी गाडी आहे, उधारी आहे, बदलून देण्याची हमीही आहे. अमेरिकेतल्या मिस्त्रीला हे सारे मिळते, म्हणून तो ती किंमत मोजतो. आपल्या नाक्यावर ती गाडी येणार नसेल, तर त्या भागाचे पैसे आपण कशासाठी मोजावयाचे?

आता एक हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, एक पाना १०० रुपयांचा आहे आणि वर्षभर टिकतो. दुसरा ३०० रुपयांचा, पण दहा वर्षे टिकतो. पहिल्याचा वर्षाचा खर्च १०० रुपये, दुसऱ्याचा अवघा ३०. महाग तोच स्वस्त पडला! पण तिसरा पाना ३००० रुपयांचा असेल, तर त्याच हिशेबाने तो शंभर वर्षे टिकावयास हवा. पाना टिकेलही, पण मिस्त्री टिकला पाहिजे ना!

सुदैवाने मधली वाट आपल्याच देशात आहे. पंजाबातले जालंधर हातहत्यारांसाठी प्रसिद्ध आहे. आपल्या महाराष्ट्रात टपारिया कंपनीने १९६९ मध्ये स्वीडनच्या तांत्रिक साहाय्याने हातहत्यारे बनविण्यास सुरुवात केली. तिचा कारखाना नाशिकचा. आजच्या स्क्रू पान्याचे श्रेय ज्याला दिले जाते, तो योहान पेटर योहान्सन याच स्वीडनचा. त्याने १८९२ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

किंमत आणि मोल यांतला फरक मराठी मुलखाने पूर्वीही एकदा अनुभवला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा समज होता. लाकडी नांगर घरच्या सुताराकडून होत असताना रोख पैसे कशाला मोजा, हाही विचार असणारच. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पण नांगराने स्वतःच आपली साक्ष दिली, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. शेतकऱ्याने नाव पाहून नांगर घेतला नाही, तास पाहून घेतला. हत्याराची परीक्षा अशीच करावी.

तेव्हा अंबाडीच्या काय किंवा दुसऱ्या कुठल्या गावच्या काय, नव्या मिस्त्रीला एवढेच सांगावेसे वाटते. रोज लागणारी आठ-दहा मापे चांगल्या पोलादाची घ्या. जिथे अंगाचा सारा भार पडतो, तिथे रिंग पाना घ्या, कारण तो नटाला सगळ्या बाजूंनी वेढतो. तोंडाचा पाना दोनच बाजू धरतो. असा पाना जोरात असताना सटकला तर हात थेट लोखंडावर आदळतो, आणि हात दुखावला की रोजगार बुडतो. हा खर्च पान्याच्या चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही. वर्षातून दोनदा लागणारे माप स्वस्तातले असले तरी चालेल. पण नावाच्या मोहाने सावकाराचे कर्ज काढून पेटी भरू नका. एकेक हत्यार कमाईतून जोडा.

आणि गुरुजी, आपल्या शाळेत व्हर्निअर मापणी असेल तर एक जुना नट आणि दोन पाने वर्गात आणा. मुलांना त्यांची तोंडे मोजू द्या. दशांश अपूर्णांक कशासाठी शिकावयाचे, हे मग निराळे सांगावे लागणार नाही. त्या मुलांतलाच एखादा उद्या नाक्यावर पेटी उघडून बसेल. दुकानदार सांगेल ती किंमत मोजण्याआधी तो पान्याचे तोंड मोजून पाहील.